नमुना आणा

‘पद्मिनीचा पेट्रोल पंप द्या,’ असं म्हणत कुणी काउंटरशी आलं की मी हात पुढे करतो. पंप देण्यासाठी नव्हे, मागण्यासाठी. जुना कुठाय? जुना गाडीलाच असतो आणि गाडी कात्रजला नाहीतर हडपसरला रस्त्याच्या कडेला. मग मी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवतो. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत शेठनी कधीकाळी रंगवून घेतलेली पाटी : ‘नमुना आणा. नमुन्याशिवाय माल मिळणार नाही.’ गिऱ्हाईक वैतागतं. ‘अहो, एका गाडीला पंप काय शंभर प्रकारचे असतात?’ शंभर नसतात. पण एकच एकही नसतो.

नाना पेठेतल्या या मोटारपार्टच्या दुकानात मी १९९२ साली लागलो, तेव्हा मला वाटायचं की ही पाटी शेठच्या चिक्कूपणाची आहे. माल बदलून देण्याची कटकट नको म्हणून लावलेली. पहिल्या सहा महिन्यांत कळलं की ती या धंद्याची गीता आहे. ज्या गाडीला पुण्यात आजही निम्मे लोक ‘फियाट’च म्हणतात, ती वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. ११०० डी हे मॉडेल १९६४ पासून, ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ पासून, आणि उत्पादन थांबलं ते २००० च्या सुमारास. इंजिन तेच १०८९ सीसीचं, ठेवण तीच. पण इतक्या वर्षांत आत बारीकसारीक बदल होत गेले. कुणाच्या गाडीत डायनॅमो, कुणाच्या गाडीत अल्टरनेटर. शिवाय मधल्या चार मालकांनी आणि आठ मेस्त्र्यांनी आपापल्या अकलेप्रमाणे काय काय बसवलेलं असतं. आरसी बुकावर साल एक आणि बोनेटखाली साल दुसरंच. म्हणून सालावर पार्ट देता येत नाही, नमुन्यावर द्यावा लागतो. जुना आणि नवा शेजारी ठेवायचे, व्हर्नियर लावायचा, आटे मोजायचे, मगच पावती फाडायची.

पार्टच्या बाबतीत हे मला लवकर समजलं. सल्ल्यालाही नमुना लागतो, हे समजायला एक मास्तर भेटावे लागले.

मास्तर सासवडचे. शाळेतून निवृत्त झालेले, फंडाच्या पैशातून जुनी पद्मिनी घेतलेली. पुण्याहून परत जाताना दिवे घाटात त्यांची गाडी बंद पडायची. अर्धा तास उभी राहिली की आपोआप चालू. मी त्यांना पंप विकला. पंधरवड्याने ते परत आले. मी कार्बोरेटरचं किट विकलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी जुना पंप आणि जुन्या किटचे तुकडे रुमालात बांधून आणले आणि काउंटरवर गाठ सोडली. चिडले नव्हते. एखाद्या पोराचा चुकलेला गुणाकार पाहावा तसं माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘तुमच्याकडे पार्ट पुष्कळ आहेत हो. पण माझी गाडी घाटातच आहे.’

त्या वेळी दुकानात एक टॅक्सीवाले चाचा उभे होते. पुणे स्टेशन ते दादर शेअर टॅक्सी चालवायचे. तेव्हा द्रुतगती महामार्ग नव्हता, खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्यात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग लागलेली असायची आणि चाचा त्या रांगेतून रोज जायचे-यायचे. त्यांनी मास्तरांना तीन प्रश्न विचारले. बंद पडताना गाडी हिसके देते, की बटण दाबल्यासारखी गप्पकन जाते? बंद पडता पडता चोक ओढला तर क्षणभर सावरते का? आणि पंपावर ओलं फडकं टाकून पाहिलंत का?

मास्तरांची उत्तरं चोख होती, शेवटी मास्तरच. गप्पकन जाते. चोकने काहीही फरक पडत नाही. ओलं फडकं टाकलं, दोन बाटल्या पाणी ओतलं, तरी अर्धा तास लागलाच. चाचा म्हणाले, ‘मग पेट्रोलला कशाला बदनाम करता? करंट बघा.’

त्यांनी जे सांगितलं ते असं. पेट्रोल कमी पडलं की गाडी एकदम मरत नाही. हिसके देते, धापा टाकते, मग थांबते; आणि चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढून दोन क्षण तग धरते. इंजिनच्या उष्णतेने पंपात नाहीतर नळीत पेट्रोलची वाफ धरली असेल, तर पंप थंड केला की काम होतं. म्हणून तर जुने ड्रायव्हर घाट आला की पंपाला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे. पण गाडी गप्पकन गेली, चोकला दाद देईना आणि पाण्यालाही, तर वांधा करंटचा. कॉइल तापली की आतली तार सुटते, थंड झाली की परत टेकते. त्यांनी तपासायची रीतही सांगितली : गाडी बंद पडली की तिथल्या तिथे, थंड व्हायच्या आत, डिस्ट्रिब्युटरमधली मधली वायर काढायची, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरायचं आणि सेल्फ मारायला सांगायचं. ठिणगी निळी आणि कडक आवाजाची असेल तर करंट ठीक. पिवळी, बारीक, आळशी असेल तर कॉइल नाहीतर कंडेन्सर. मास्तरांनी पुढच्या खेपेला घाटात हे करून पाहिलं. ठिणगी पिवळी होती. कॉइल बदलली, प्रश्न मिटला.

कॉइल विकली त्या दिवशी संध्याकाळी शेठनी उधारीची एक जुनी वही मला दिली. अर्धी भरलेली, बुडीत खात्यांची. म्हणाले, ‘मागच्या बाजूने सुरू कर. गिऱ्हाइकानं काय मागितलं ते डावीकडे लिही. शेवटी काय निघालं ते उजवीकडे.’ शेठना ज्ञानाची हौस नव्हती. पंप विकून गिऱ्हाईक गमावण्यापेक्षा कॉइल विकून ते टिकवणं त्यांना परवडत होतं. पण माझ्या नोकरीला खरा अर्थ त्या वहीने आला. डावीकडे ‘पंप’, उजवीकडे ‘कॉइल’. डावीकडे ‘बॅटरी’, उजवीकडे ‘अर्थिंगची पट्टी सडली’. डावीकडे ‘टायर खातोय, टायर द्या’, उजवीकडे ‘किंगपिनला वर्षानुवर्षे ग्रीस नाही’. डावा आणि उजवा रकाना जुळला, असं फार कमी वेळा झालं.

वहीतलं पहिलं शहाणपण टॅक्सीवाल्यांकडून आलं, मोटारशौकिनांकडून नाही. शौकीन माणूस वर्षभरात जेवढी गाडी चालवतो तेवढी टॅक्सी पंधरा दिवसांत चालते. त्यामुळे कुठला बुश किती दिवस टिकतो, कुठल्या मेकचा पॉइंट महिन्यात जळतो, कुठला कंडेन्सर दोन दिवाळ्या काढतो, हे त्यांना पाठ असायचं. स्टिअरिंगखालचा गिअर दोन गिअरांच्या मध्ये अडकला तर धसमुसळेपणा करायचा नाही; उतरून बोनेट उघडायचं आणि खालच्या दांड्या हाताने जागेवर आणायच्या, हे मला त्यांनी शिकवलं. आणि मग त्या दांड्यांचे झिजलेले बुश बदलायचे. नाहीतर पुढच्या सिग्नलला पुन्हा उतरावं लागतं. प्लगची फट हॅक्सॉच्या पात्याने मोजायची. प्लगच्या वायरी काढल्या तर फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, पाढ्यासारखी म्हणत परत लावायच्या.

पण टॅक्सीवाल्यांनी आम्हाला शहाणपणापेक्षाही मोठी एक गोष्ट दिली होती, आणि ती गेल्यावरच लक्षात आली. त्यांनी माल जिवंत ठेवला होता. मुंबईत हजारोंनी पद्मिनी टॅक्स्या धावत होत्या, रोज झिजत होत्या, रोज पार्ट खात होत्या. म्हणून पार्ट बनवणाऱ्यांचे साचे गरम राहत होते. मी दर महिन्याला सकाळची सिंहगड एक्स्प्रेस धरून मुंबईला जायचो. ऑपेरा हाउसकडच्या दुकानांतून नवा माल आणि कुर्ल्याच्या भंगारातून जुना घेऊन रात्री परत. कोथरूडच्या बंगल्यात कव्हर घालून ठेवलेली गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणार. तिच्या एका वॉटर पंपासाठी कोण साचा ठेवणार? ती गाडी इतकी वर्षं टॅक्सीच्या सावलीत जगली. कारखान्यातून नवी गाडी निघायची थांबली, तेव्हा आमच्या दुकानाला पत्ताही लागला नाही. विक्री तशीच होती. खरा फटका बसला तो टॅक्स्या रस्त्यावरून उतरू लागल्यावर. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची ती मर्यादा २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस संपली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, लोकांनी हारबीर घातले. मी त्या आठवड्यात रॅकमध्ये व्हील सिलिंडर किती उरलेत ते मोजत होतो.

आता आमच्याकडे या गाडीसाठी येतात ते बहुतेक हौशी मालक. रविवारी शेठ, म्हणजे आता शेठचा मुलगा, अर्धा दिवस दुकान उघडं ठेवतो. शेजारच्या टपरीवर चहा असतो, फुटपाथला लागून दोन-तीन गाड्या उभ्या असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब असतात. त्यांच्याकडे गाडीची फाइल आहे, प्रत्येक पावती तारखेनिशी लावलेली. कोथरूडच्या एक डॉक्टरबाई असतात. वडिलांची गाडी चालवतात आणि प्लग स्वतः साफ करतात. कॅम्पातले एक बावाजी असतात. ते गाडीबद्दल बोलताना ‘ती’ म्हणतात आणि गाडीच्या मेस्त्रीबद्दल बोलताना काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळेच एकमेकांना सल्ले देतात. पुण्यात सल्ल्याची कधी टंचाई पडली आहे असं माझ्या ऐकिवात नाही.

मी काउंटरच्या आतून ऐकत असतो, आणि सल्ला ऐकताना मला आता एकच गोष्ट दिसते. हा माणूस नमुना आणून बोलतोय की नमुन्याशिवाय?

उदाहरणार्थ, थर्मोस्टॅट. ‘गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून फेकून द्या,’ हा सल्ला मी शेकडो वेळा ऐकला असेल. बँकवाल्या साहेबांनीही तो कुणाकडून तरी ऐकला आणि अमलात आणला. गाडी तापायची थांबली. त्यांनी तीन रविवार तो सल्ला पुढे वाटला. चौथ्या रविवारी ते फाइल घेऊन आले. डिसेंबर होता. सकाळी इंजिन गरमच होत नव्हतं, चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागत होता, ॲव्हरेज उतरलं होतं आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. थर्मोस्टॅट हा दरवानासारखा असतो. इंजिन गरम होईपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. दरवान हाकलला की उन्हाळा सुसह्य होतो, पण हिवाळ्यात दार उघडंच. आणि मुळात गाडी तापत का होती? सोसायटीतलं बोअरचं पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतलं होतं. क्षाराने नळ्या चोंदल्या होत्या. रेडिएटर उतरवून रोडिंग केलं, नवा थर्मोस्टॅट घातला, पाण्याऐवजी कूलंट भरलं. साहेबांनी मग एक गोष्ट केली. ती मी फार थोड्यांना करताना पाहिली आहे. ज्या ज्या माणसांना त्यांनी आधीचा सल्ला दिला होता, त्यांना फाइलमधली यादी काढून फोन केले.

दुसरं उदाहरण इतकं सौम्य नाही. एका तरुण मालकाला गॅरेजमध्ये कुणीतरी सांगितलं की ब्रेक ऑइल कमी झालं आहे, घरात पडलेलं कुठलंही चांगलं ऑइल थोडं टाक, ऑइल म्हणजे ऑइल. त्याने इंजिन ऑइल टाकलं. ब्रेकमधली रबरं ज्या द्रवासाठी बनवलेली असतात त्यालाच ती मानवतात. इंजिन ऑइल पोटात गेलं की ती फुगतात. त्याची गाडी पहिले दोन दिवस उत्तम थांबली. तिसऱ्या दिवशी ब्रेक लागले ते सुटेचनात. चाकं हात लावता येणार नाही इतकी तापली होती. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत प्रत्येक रबर बदलावं लागलं, पाइप स्पिरिटने धुऊन काढावे लागले. तो ब्रेक न लागण्याऐवजी न सुटण्यावर वाचला, हे त्याचं नशीब. मी त्याला विचारलं, ‘ज्यानं सांगितलं त्याला जाऊन सांगितलंस का?’ म्हणाला, ‘कशाला? तो मानणार थोडाच.’ मला त्याक्षणी ब्रेकपेक्षा हे उत्तर जास्त धोक्याचं वाटलं. तो सल्ला अजून त्या गॅरेजमध्ये फिरत असणार. त्याला कुणी परत आणून दाखवलंच नाही.

चांगल्या सल्ल्याची माझी व्याख्या तेव्हापासून ठरली आहे. जो उपायाआधी लक्षण सांगतो, आपल्या गाडीचं काय बदललेलं आहे ते सांगतो, आणि उपाय केल्यावर पुढचे सहा महिने काय झालं ते सांगायला परत येतो, त्याचा सल्ला घ्यावा. डॉक्टरबाई तशा आहेत. त्या कधीच ‘हे बदला’ म्हणत नाहीत. ‘माझ्या गाडीला असं होत होतं, मी हे केलं, त्यानं हे झालं, आणि हे नाही झालं’ असं चार तुकड्यांत बोलतात. चौथा तुकडा महत्त्वाचा. आपलं काय जमलं नाही ते सांगायला लोक कचरतात, आणि नेमकं तेच दुसऱ्याच्या उपयोगाचं असतं.

वहीत अलीकडे दोन प्रकारच्या नोंदी वाढल्या आहेत. पहिली, पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वायसर हे त्याची कल्पनाही कुणी केली नव्हती तेव्हाचे. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे ढकलतं आणि पाणी ओढून घेतं. फिल्टरमध्ये काळा चुरा दिसायला लागला की समजायचं, नळी आतून सुटते आहे. यावर टपरीवर जोरात भांडणं होतात. मी इतकंच सांगतो की पेट्रोल नवं आहे आणि रबर तीस वर्षांचं आहे. पेट्रोल आपल्या हातात नाही, रबर आहे. नळ्या बदला, पारदर्शक फिल्टर लावा आणि महिना महिना गाडी उभी राहणार असेल तर टाकीत ते पेट्रोल तसंच मुरू देऊ नका.

दुसरी नोंद उभ्या गाड्यांची. ‘मी रोज पाच मिनिटं चालू करून ठेवतो,’ असं मालक अभिमानाने सांगतात. पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही. जळलेल्या पेट्रोलातलं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सर आतून सडतो आणि बॅटरीतून सेल्फने जेवढं काढलं तेवढंही भरून निघत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर न्या. ब्रेक लागू द्या, गिअर फिरू द्या, स्टिअरिंग वळू द्या. गाडीचंही गुडघ्यांसारखंच असतं. आणि पावसाळ्याआधी पायाखालची रबरी मॅट उचलून पत्रा बघा, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं काडी घालून मोकळी करा. दार बाहेरून सडत नाही, आतून सडतं. पेंट फुगलेला दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो, आणि त्यावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे दुखण्यावर शाल पांघरणं.

लोक विचारतात, हे सगळं कशासाठी? पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तिची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि इतक्या जुन्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढली. वर पर्यावरण कर. दर सहा महिन्यांनी पीयूसी. एवढ्या पैशांत आणि वेळात काय काय होईल. मला यावर भाषण करता येत नाही, आणि माझी स्वतःची गाडी नाही. मी स्कूटरवर येतो-जातो. पण काउंटरच्या या बाजूने तेहेतीस वर्षं पाहिल्यावर एक दिसतं. नवी गाडी बिघडली की माणूस फोन करतो आणि वाट बघत बसतो. ही गाडी बिघडली की माणसाला तिच्याकडे बघावं लागतं, कान द्यावा लागतो, वास घ्यावा लागतो, आणि मग दुसऱ्या माणसाकडे जाऊन ते सगळं नीट सांगावं लागतं. नीट सांगता येणं ही फार मोठी विद्या आहे. तेवढ्यासाठी कुणी एवढी फी भरत असेल तर भरू दे.

आता शेवटची नोंद. ती माझ्याविरुद्ध आहे, म्हणून लिहायलाच हवी.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलीचा फोन आला. आजोबांची १९८६ ची पद्मिनी तिच्याकडे आली होती. तिची गाडी तळजाईच्या चढावर नाहीतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, तासभर चालवल्यावर बंद पडायची. थोड्या वेळाने चालू व्हायची. तिने एवढं सांगितलं आणि मी म्हणालो, ‘कंडेन्सर असेल गं. नाहीतर कॉइल. दोन्ही पाठवून देतो.’ ती पुढे काहीतरी सांगत होती. दुकानात गर्दी होती. मी पत्ता लिहून घेतला.

कंडेन्सरने काही झालं नाही. कॉइलनेही नाही. पुढच्या रविवारी ती स्वतः आली, तर टपरीवरच्या मंडळींनी तिला घेरलं. पंप, जेट, फ्लोट, वाफ. प्रत्येकाने आपापल्या गाडीचा रोग तिच्या गाडीला दिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पंपाला ओलं फडकं गुंडाळून गेली. त्यानेही काही झालं नाही.

तिसऱ्या रविवारी ती आली ती सरळ काउंटरशी. एका कापडी पिशवीतून तिने काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. पेट्रोल टाकीचं झाकण.

‘काका, याला भोक नाहीये,’ ती म्हणाली.

गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा ती पेट्रोल पंपाच्या जवळच होती. आता थांबलोच आहोत तर पेट्रोल भरून घेऊ म्हणून तिने झाकण फिरवलं, तर आत हवा शिरल्याचा लांब सूंऽऽ असा आवाज आला, आणि गाडी लगेच चालू झाली. दुसऱ्या वेळी तिने मुद्दाम तसंच करून पाहिलं. पुन्हा सूं, पुन्हा चालू. आजोबांनी शेवटच्या वर्षात हरवलेल्या झाकणाऐवजी कुठलं तरी साधारण मापाचं बसवलं होतं. तिच्या गाडीची टाकी झाकणाच्या बारीक छिद्रातूनच श्वास घेणारी. छिद्रच नाही म्हटल्यावर पेट्रोल जसं कमी होईल तशी आत पोकळी तयार व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढता यायचं नाही. गाडी उभी राहिली की कडेने हळूहळू हवा शिरायची आणि पुन्हा चालू. उन्हाशी, घाटाशी, तापण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तासभर चाललेली गाडी तापलेली असतेच, म्हणून आम्ही सगळे उष्णतेच्या मागे लागलो होतो.

मी तिला विचारलं, ‘बंद पडताना कशी पडायची गं? गप्पकन?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘हिसके देत. चोक ओढला की जरा सावरायची. मी फोनवर तेच सांगत होते तुम्हाला.’

चाचांचे तीन प्रश्न. दोनांची उत्तरं तिने न विचारता दिली होती, आणि तेहेतीस वर्षांच्या अनुभवाने मी ती ऐकली नव्हती. अनुभवाचं असं होतं. बुश झिजावा तसा कान झिजतो, आणि झिजलेला बुश जसा वरून दिसत नाही तसाच तोही.

मी रॅकमधून छिद्राचं झाकण शोधलं, तिचं शेजारी ठेवून आटे मोजले आणि दिलं. कंडेन्सर आणि कॉइल परत घेतले; पाटीवर काहीही लिहिलेलं असो. मग वही काढली. डाव्या रकान्यात आम्ही गिऱ्हाइकाने काय मागितलं ते लिहितो, पण या मुलीने काहीच मागितलं नव्हतं. म्हणून डावीकडे लिहिलं : ‘मी सांगितलं : कंडेन्सर, कॉइल.’ पेन तिच्याकडे दिलं. उजवीकडे तिने तिच्या गोलसर अक्षरांत लिहिलं : ‘झाकण.’

बिनभोकाचं ते झाकण तिने नेलं नाही. माझ्या गल्ल्याशेजारच्या खणात आहे. कुणी फोनवर ‘गाडी तापली की बंद पडते’ म्हणालं, तर उत्तर द्यायच्या आधी मी खण उघडतो.